इमाम शाफई (रह.) : मत आणि पुरावा

ज्या वर्षी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे निधन झाले, त्याच वर्षी म्हणजे हिजरी 150 (इ.स. 767) मध्ये इमाम मुहम्मद बिन इद्रीस शाफई (रह.) यांचा गाझा येथे जन्म झाला. पित्याचे छत्र बालपणीच हरपले. मातेने त्यांना मक्केत आणले व गरिबीतही त्यांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. पुढे मदीनेत त्यांनी इमाम मालिक (रह.) यांच्याकडे ‘मुअत्ता’चे अध्ययन केले आणि बगदादमध्ये इमाम अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांच्याकडून इराकी फिकहचे ज्ञान मिळवले.

मदीनेत हदीस व तेथील लोकांचे आचरण यांवर भर होता, तर इराकमध्ये कियासावर. या दोन्ही परंपरा आत्मसात करून इमामांनी ‘अर्‌-रिसाला’ हा ग्रंथ लिहिला. कुरआन, सुन्नत, इजमा आणि कियास या क्रमाने शरीअतचा हुकूम कसा शोधावा, याचे नियम त्यांनी त्यात मांडले. प्रमाणाचा आधार नसलेल्या वैयक्तिक पसंतीला त्यांनी दीनमध्ये स्थान दिले नाही.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. हिजरी 199 च्या सुमारास ते इजिप्तला गेले. तेथे त्यांनी आपल्या इराकमधील अनेक मतांचा फेरविचार केला, ‘रिसाला’ही नव्याने लिहिला. म्हणूनच शाफई फिकहमध्ये ‘कदीम’ (जुने) आणि ‘जदीद’ (नवे) असे दोन कौल आढळतात. हिजरी 204 मध्ये फुस्तात येथे त्यांचे निधन झाले.

एक उदाहरण पाहा. मगरिबच्या नमाजची वेळ किती? जदीद कौलानुसार वुजू, अजान, इकामत आणि पाच रकात होतील एवढीच. कदीम कौलानुसार सांजेची लाली मावळेपर्यंत. सामान्यतः फतवा जदीद कौलावर दिला जातो. येथे मात्र इमाम नववी (रह.) यांच्यासारख्या शाफई विद्वानांनी कदीम कौल स्वीकारला, कारण ‘सहीह मुस्लिम’मधील हदीस त्याला पुष्टी देते. यात इमामांची अवज्ञा नव्हती. सहीह हदीस मिळाल्यास तोच माझा मजहब समजा, ही तर त्यांचीच शिकवण होती.

अर्थात, पुरावे तोलण्याचे हे काम व्यासंगी आलिमांचे आहे. एखाद्या हदीसचा अनुवाद वाचून फतवा देणे नव्हे. पण त्यामागील नम्रता आपणा सर्वांसाठी आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई, तर घाटावरील बहुतेक हनफी. एकाच सफमध्ये कोणी रुकूपूर्वी हात उचलतो, कोणी उचलत नाही. कोणी ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, कोणी मनातल्या मनात. ज्या इमामांनी स्वतःचे मतही पुराव्यापुढे अंतिम मानले नाही, त्यांच्या नावाने आपण शेजारच्या नमाजीशी भांडावे काय?

अल्लाह तआला आपणास ज्ञानासोबत विनयही प्रदान करो. आमीन.