घरबसल्या कापड दुकान : माल कोठून आणावा?



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वस्त्यांमधून आज अनेक सुशिक्षित मुली व गृहिणी मोबाईलवर साड्या आणि ड्रेस विकू लागल्या आहेत. यात दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, आणि गिऱ्हाईक कोणत्याही गावचे असू शकते. मात्र गिऱ्हाईक कोठून येईल याची जेवढी चिंता केली जाते, तेवढी माल कोठून येईल याची केली जात नाही. नफा विक्रीत दिसतो, पण तो ठरतो खरेदीत.

तथागतांनी गृहस्थाला व्यापार वर्ज्य सांगितलेला नाही. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष हे पाच व्यापार उपासकाने करू नयेत, एवढीच मर्यादा घातली. वस्त्राचा व्यापार ही सम्यक आजीविकाच होय. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात तर यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो चक्षुमान असावा, विधुर असावा आणि निस्सयसंपन्न असावा. (पालीत विधुर म्हणजे कुशल; मराठीतला अर्थ येथे घेऊ नये.) या तीन गुणांच्या आधारेच आपण पुरवठादार शोधण्याचा विचार करू.

1) चक्षुमान : कोणता माल किती भावाने घेतला व किती भावाने विकला म्हणजे काय उरेल, हे ज्याला दिसते तो डोळस. प्रथम गिऱ्हाईक ठरवावे, मग माल, आणि शेवटी पुरवठादार. आपल्या समाजात मंगल परिणय, पौर्णिमेचे उपोसथ, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि 14 एप्रिल या प्रसंगी पांढऱ्या वस्त्रांना मोठी मागणी असते. ही गरज आपल्याइतकी दुसरा कोण ओळखणार?

माल ठरला की त्याचे मूळ गाव शोधावे. सिंथेटिक साड्यांची मोठी पेठ सुरत येथे आहे. सुती कापडासाठी इचलकरंजी व मालेगाव ही यंत्रमागाची गावे आहेत. चादरी व टॉवेल सोलापूरचे. पैठणीसाठी येवला व पैठण. मात्र हातमागाची व यंत्रमागाची पैठणी यांत फरक असतो, तो विकत घेण्यापूर्वी शिकून घ्यावा. सुरुवातीला नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतलेला माल थोडा महाग पडतो, पण तो हाताने पाहता येतो आणि थोडक्यात घेता येतो. सुरतेस अनेक ठिकाणी एका डिझाईनचा पूर्ण सेटच उचलावा लागतो.

आता एक हिशेब पाहू. समजा 10 साड्या प्रत्येकी 400 रुपयांनी घेतल्या. माल 4000, जीएसटी 5 टक्के म्हणजे 200, वाहतूक व हमाली 300, एकूण 4500. विक्री 600 रुपयांनी, आणि प्रत्येक साडीला पॅकिंग व टपाल 80 रुपये. दहाही विकल्या तर 700 रुपये उरतात. आठच विकल्या तर 4800 मधून 640 वजा जाता हाती 4160 येतात, म्हणजे 340 रुपये कमी, आणि दोन साड्या अंगावर! म्हणून भाव पाच रुपयांनी उतरविण्यापेक्षा न विकलेला माल बदलून देणारा व्यापारी मिळविणे अधिक हिताचे.

2) विधुर : खरेदीतील कौशल्य म्हणजे केवळ घासाघीस नव्हे. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(अ) फोटो पाहून मोठी मागणी देऊ नये. एक-दोन नग मागवून, धुवून, रंग व लांबी तपासावी.

(आ) व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक मागावा. तो 15 अक्षरी असतो. महाराष्ट्राचा 27 ने व गुजरातचा 24 ने सुरू होतो. सरकारी संकेतस्थळावर तो टाकल्यास पेढीचे नाव व नोंदणी चालू आहे की नाही हे दिसते. तेच नाव बिलावर व बँक खात्यावर असावे. दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ रक्कम पाठवू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

(इ) पुरवठादार परस्पर गिऱ्हाइकाकडे माल पाठवतो, अशा पद्धतीत भांडवल लागत नाही. पण न पाहिलेल्या मालाची तक्रार आपल्याच दारी येते.

(ई) मालाच्या विक्रीची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असून विक्री राज्यातच असेल तर साधारणपणे आपल्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल विकायचा तर ती करावी लागते.

3) निस्सयसंपन्न : ज्याच्यावर विश्वास ठेवून धनवान लोक भांडवल देतात, तो निस्सयसंपन्न. आपला समाज नेमका येथेच अडविला गेला. बडोद्याहून मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. ज्ञान होते, विद्वत्ता होती. बाजाराने पत नाकारली.

ती पत आज आपण कागदावर उभी करू शकतो. प्रत्येक खरेदीचे बिल जपावे, पैसे बँकेतूनच द्यावेत, उधारीची तारीख चुकवू नये. सहा महिने असे व्यवहार झाले की पुरवठादाराकडे पंधरा दिवसांची उधारी मागण्यास तोंड राहते. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते. कर्जप्रकरणासोबत पुरवठादाराचे कोटेशन लागते, आणि ते नोंदणीकृत पेढीचे असेल तर प्रकरणाला वजन येते. चार-पाच भगिनींनी मिळून एकत्र खरेदी केली तर सेटही फुटतो, वाहतूकही वाटली जाते.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचा एक भाग उपभोगावा, दोन भाग व्यवसायात घालावेत व एक भाग संकटासाठी ठेवावा, असा उपदेश आहे. पहिल्या नफ्याची साडी स्वतःसाठी घेण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

गेली कित्येक वर्षे आपण बाजारात फक्त गिऱ्हाईक म्हणून उभे राहिलो. आता गल्ल्यामागे उभे राहण्याची वेळ आहे. तेथे उभे राहायचे तर माल पारखणारा डोळा आणि शब्द पाळणारे मन दोन्ही हवेत.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!