अंधारीतले भूत मोजा!

छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी किल्ल्यात ‘अंधारी’ नावाचे भुयार आहे. सहलीची मुले आत शिरली, की कुणीतरी हमखास ओरडतो, “भूत!” भुतांनाही शाळेच्या सहली फार आवडत असाव्यात. पण या भुताची उंची मोजता येते बरे का!

पांढऱ्या कागदावर 4 सेंटिमीटर उंचीचा काळाकुट्ट बाहुला रंगवा. कागद डोळ्यांपासून 30 सेंटिमीटरवर धरून बाहुल्याच्या पोटाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा. (सूर्याकडे मात्र असे कधीही पाहू नका.) आता 3 मीटरवरच्या कोऱ्या भिंतीकडे नजर वळवा. पांढरे भूत हजर! पांढऱ्या कागदाचा प्रकाश ज्यांवर पडला त्या दृष्टिपटलावरील पेशी थकल्या. बाहुल्याच्या जागेवरच्या ताज्या राहिल्या. म्हणून भिंतीचा तेवढाच भाग उजळ दिसतो. हा शिक्का दृष्टिपटलावर असल्याने त्याचा कोन बदलत नाही. अंतर दहापट, म्हणून भूतही दहापट, म्हणजे 40 सेंटिमीटर! हा नियम एमर्ट यांनी 1881 साली मांडला.

उन्हातून अंधारीत शिरताना दाराचा उजेड असाच डोळ्यांत उरतो. शिवाय डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. तेव्हा भूत दिसले तर नजर फिरवा. तेही बरोबर फिरले, तर ते तुमच्याच डोळ्यांतले. आपल्या वाटेने फडफडत गेले, तर वटवाघूळ!