तिळाचं वाचन : स्किन कॅन्सर आणि मॉलिक्युलर टेस्ट

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कॅन्सरच्या चाचण्यांवरचा लेख का वाचावा, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर साधं आहे : ही गोष्ट शेवटी वाचनाची आहे. काचपट्टीवरचा त्वचेचा तुकडा एक डॉक्टर वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि त्या अर्थावर कुणाचं तरी पुढचं आयुष्य ठरतं. अर्थ नीट लागला नाही, तर त्याच तुकड्याचं दुसऱ्या पद्धतीने वाचन केलं जातं. मॉलिक्युलर टेस्ट म्हणजे हे दुसरं वाचन. ते कसं होतं, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, ते या लेखात पाहू.

त्वचेचे कॅन्सर अनेक प्रकारचे असतात. त्यांतला मेलानोमा संख्येने कमी, पण फार धोकादायक. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात. या पेशींचा निरुपद्रवी पुंजका म्हणजे आपला नेहमीचा तीळ. त्याच पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागल्या की मेलानोमा. दोघांचं मूळ एकच, त्यामुळे दिसण्यातही साम्य. शंका आली की डॉक्टर तो डाग काढतात, म्हणजे बायोप्सी करतात. मग पॅथॉलॉजिस्ट त्याचे पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहतो. आजही निदानाचा पाया हाच आहे.

एकच पट्टी, अनेक अर्थ

बहुतेक वेळा उत्तर स्पष्ट असतं. अडचण मधल्या डागांची. २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. १८७ पॅथॉलॉजिस्टांना अशा डागांच्या पट्ट्या वाचायला दिल्या होत्या. डागांचे पाच वर्ग केले होते : पहिला अगदी निरुपद्रवी, पाचवा खोल गेलेला मेलानोमा. पहिल्या वर्गात ९२ टक्के आणि पाचव्यात ७२ टक्के वाचनं तज्ज्ञांच्या एकमताशी जुळली. मधल्या तीन वर्गांत मात्र अनुक्रमे २५, ४० आणि ४३ टक्केच. पुढे किमान आठ महिन्यांनी त्याच माणसांना त्याच पट्ट्या पुन्हा दिल्या. दुसऱ्या वर्गात स्वतःचंच आधीचं मत कायम राहिलं ते फक्त ३५ टक्के वेळा.

हे वाचून डॉक्टरांवर हसायचं कारण नाही. आपण एकच कविता पहिल्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी वाचतो तेव्हा आपलंही असंच होतं. फरक इतकाच, की आपल्या मतभेदामुळे कुणावर शस्त्रक्रिया होत नाही, किंवा व्हायला हवी ती राहून जात नाही.

नावाचा घोळ किती काळ चालतो, याचं एक जुनं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या सोफी स्पिट्झ या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी १९४८ मध्ये १३ मुलांच्या डागांवर निबंध लिहिला आणि त्यांना बालवयातले मेलानोमा म्हटलं. मायक्रोस्कोपखाली ते खरोखर तसेच दिसत होते. पण त्यांतलं एकच मूल दगावलं, बाकीची चांगली राहिली. पुढे अशा डागांना ‘स्पिट्झ तीळ’ हे वेगळं नाव पडलं. तरी बरा कुठला आणि वाईट कुठला, हे केवळ पाहून ओळखणं आजही कठीण जातं.

अक्षर, पान आणि आवाज

छपाई येण्याआधी ग्रंथ नकलांमधून जगायचे. नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर चुकायचं, ओळ गळायची. म्हणून तर संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, पण ती छापील प्रत आज उपलब्ध नाही. ते आपल्यापर्यंत आलं ते हस्तलिखित नकलांमुळे. पेशीचंही तसंच. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते आणि नकलेत चुका राहतात. मॉलिक्युलर टेस्ट या चुका तीन प्रकारे शोधते.

पहिला प्रकार अक्षराचा. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचा फरक, पण अर्थ कुठल्या कुठे जातो. डीएनएची लिपी चार अक्षरांची, आणि त्यातला शब्द तीन अक्षरांचा. बीरॅफ नावाच्या जनुकात ६००व्या जागी जी-टी-जी हा शब्द असतो. मधल्या टीच्या जागी ए आला, की त्या जनुकाचं प्रथिन ‘वाढा, वाढा’ असा इशारा सतत देत राहतं. २००२ मध्ये हा बदल उजेडात आला. त्वचेच्या सुमारे निम्म्या मेलानोमांमध्ये या जनुकातला बदल सापडतो. २०११ मध्ये त्यावर नेमकं काम करणारं व्हेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी चाचणीही त्याच्याबरोबर आली.

मग हा बदल सापडला म्हणजे कॅन्सर, असं म्हणायचं का? नाही. २००३ मध्ये दिसून आलं, की साध्या, निरुपद्रवी तिळांपैकी सुमारे ८० टक्क्यांतही बीरॅफचा बदल असतो! म्हणजे ही चाचणी औषध निवडायला उपयोगी, पण तीळ की मेलानोमा हे तिच्या एकटीच्या जोरावर ठरत नाही. चुकलेलं एक अक्षर पाहून सगळा ग्रंथ बिघडला असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

दुसरा प्रकार पानांचा. मेलानोमात अक्षरंच नव्हे, तर गुणसूत्रांचे मोठे भाग गळतात किंवा जास्तीचे येतात. जणू बांधणीत काही पानं फाटली आणि काही दोनदा शिवली गेली. २००३ मधल्या एका अभ्यासात १३२ मेलानोमांपैकी १२७ मध्ये असे बदल होते. ५४ तिळांपैकी ते फक्त ७ मध्ये होते, आणि ते सातही स्पिट्झ तीळ होते. त्यांतल्या सहांत तर एकच ठरावीक बदल होता : ११व्या गुणसूत्राचा आखूड भाग जास्तीचा. ज्या कोड्याने डॉक्टरांना इतकी वर्षं छळलं, त्याच्या एका भागाला इथे उत्तर मिळालं. ‘फिश’ नावाच्या चाचणीत चमकणारे रंगीत ठिपके वापरून अशी ठरावीक पानं मोजतात.

तिसरा प्रकार आवाजाचा. पानं जागेवर असली, तरी कुठलं पान मोठ्याने वाचलं जातंय, हे पेशीतल्या आरएनएवरून कळतं. अशाच एका जनुकाचं नाव आहे प्रेम. खरंच! इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द आहे, आपल्या प्रेमाशी त्याचा संबंध नाही. साध्या तिळात हे जनुक बहुधा गप्प असतं, मेलानोमात बोलतं. त्याचं प्रथिन रंगवून पाहण्याची पद्धत आता वापरात आली आहे. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ८३ टक्के प्राथमिक मेलानोमांमध्ये ते सर्वदूर दिसलं, तर सुमारे ८६ टक्के तिळांत अजिबात दिसलं नाही. पण उरलेले टक्के विसरून चालत नाही.

तळपायाचा प्रश्न

माझ्या मावशीच्या टाचेवरचा काळा डाग गेल्या वर्षी काढला. रिपोर्ट मीच घरी वाचून दाखवला. निदानाखाली ओळ होती : प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. मावशी म्हणाली, “अगं, पण आहे की नाही, तेवढं सांग ना.” तेवढंच त्या कागदात नव्हतं. पट्टी दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिली आणि डाग निरुपद्रवी निघाला. मधले दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागले.

वाचताना एक गोष्ट मनाला लागली. अमेरिकेत एक सोपी चाचणी निघाली : डागावर चिकटपट्टी लावायची, सोलून काढायची आणि तिला चिकटलेल्या पेशींत दोन जनुकं बोलतात का ते पाहायचं. कापाकापी नाही. पण ती तळहात, तळपाय आणि नखं यांच्यासाठी नाही. आणि भारतीयांत मेलानोमा मुळात कमी असला, तरी तो होतो तेव्हा तळपाय ही त्याची नेहमीची जागा. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याला नखाखाली हाच प्रकार झाला होता. १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. या प्रकाराचं उन्हाशी नातं नाही, त्यात बीरॅफचा बदलही बराच कमी सापडतो. मात्र गुणसूत्रांची जास्तीची पानं त्यात लवकर दिसतात, म्हणून तिथे पानं मोजणारी चाचणी जास्त कामाची. म्हणजे कुठल्या त्वचेचे, कुठल्या जागेचे नमुने पाहून चाचणी बनवली, हे आधी विचारलं पाहिजे. ग्रंथाची चिकित्सा करताना आपण कुठली प्रत हाताशी होती असं विचारतो ना, तसंच.

रिपोर्ट हातात आल्यावर

घरात असा कागद आला तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारता येतात. ही चाचणी निदानासाठी आहे की औषध ठरवण्यासाठी? या जागेच्या डागासाठी ती तपासून पाहिलेली आहे का? आणि तिचं उत्तर मायक्रोस्कोपच्या वाचनाशी जुळतं का? जुळत नसेल, तर पट्टी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यात संकोच नको. पट्टी आणि नमुन्याचा मेणात जपलेला ठोकळा लॅबकडून मागता येतो.

त्याच्याही आधीचं काम आपल्या हातात आहे. आपण आरशात तोंड रोज पाहतो, तळपाय कुणी पाहत नाही. तिथला काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या झाल्या असतील, किंवा एकाच नखातली काळी रेघ रुंद होऊन बाजूच्या कातडीवर उतरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरातल्या मोठ्यांना वाकून स्वतःचा तळपाय दिसत नाही. त्यांचा आपण पाहू.