विषाद आणि विषादरोग

गीतेच्या पहिल्या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' म्हणतात. 'विषाद' हा शब्द 'सद्' धातूपासून झाला आहे. गळून जाणे, खचणे, खाली बसणे हे त्याचे अर्थ. आणि अर्जुन खरोखरच धनुष्यबाण टाकून रथात खाली बसला. याच धातूपासून झालेला 'अवसाद' हा शब्द हिंदीत ज्या व्याधीला योजतात, तिला मराठीत 'नैराश्य' म्हणतात. भाषांतर करणाऱ्यास हा शब्द खटकतो, कारण गीतेत 'निराशी' होणे हे साधकाचे भूषण आहे. असो, रूढीपुढे इलाज नाही.

गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, मन भ्रमू लागले, ही अर्जुनाची लक्षणे वाचून पुष्कळ गृहस्थ समजतात की, आपल्या घरात अंथरूण धरलेल्या मुलाला वा सुनेला हेच झाले आहे. तेव्हा गीतापाठ हेच औषध. हे अनुमान टिकत नाही. अर्जुनाच्या शोकाचे कारण समोर उभे होते. तशाही स्थितीत तो कुलक्षयाचे परिणाम क्रमाने मांडतो आणि शिष्यभावाने मार्ग विचारतो. विचारण्याची व ऐकण्याची शक्ती शाबूत होती, म्हणून उपदेश फळास आला.

घरात मृत्यू झाला असता दुःख लाटेसारखे येते व ओसरते. मधेच जुनी आठवण निघून माणूस हसतोही. नातवाने हाक मारली तर त्याला जवळ घेतो. व्याधीत तसे होत नाही. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहते, किंवा कशातच गोडी उरत नाही. झोप व भूक बिघडते, अंगातले बळ जाते, चित्त ठरत नाही. आपण कवडीमोल आहोत, अपराधी आहोत असे वाटते आणि मरणाचे विचार येतात. शोकातूनही ही व्याधी जडू शकते. म्हणून 'कारण आहे, तेव्हा स्वाभाविकच' असे म्हणून स्वस्थ बसू नये.

अठराव्या अध्यायात विषाद न सोडणाऱ्या धृतीला तामसी म्हटले आहे. ते वचन रुग्णाला ऐकविणारे आप्तही आढळतात! तेथे विवेचन धृतीच्या भेदांचे आहे, रोगनिदानाचे नव्हे. जो आधीच स्वतःला पापी समजतो, त्याला तामसी ठरविल्याने त्याचा रोगच बळावतो. चरकसंहितेने विषादाची गणना वातविकारांत केली आहे आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत त्याला अग्रस्थान दिले आहे. वैद्याकडे जाणे हे परंपरेला सोडून नव्हे.

मानसोपचारतज्ज्ञ संवादाने, औषधाने किंवा दोहोंनी उपचार करतात. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ते आपल्या मनाने बंद करू नये. पाठ अवश्य चालू ठेवावा, मात्र औषधाच्या ऐवजी नव्हे. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला त्याविषयी स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात पेरली जात नाही. त्याला एकटे न सोडता त्वरित रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत, अहोरात्र व विनामूल्य बोलता येते.