खंड कोठे संपतो?



भूगोलाच्या तासाला आपण सात खंडांची नावे पाठ करतो. नावे बरोबर लिहिली की गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु एकदा अभ्यासवर्गात सातवीतील एका मुलीने नकाशावर बोट ठेवून विचारले, "सर, आशिया आणि युरोप यांच्यामध्ये तर समुद्र नाही. मग आशिया कोठे संपला हे कळते कसे?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. या लेखात आपण त्या उत्तराचा शोध घेऊ. त्यासाठी फार लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याची पश्चिम कडाच या बाबतीत आपली शिक्षिका आहे.

माणसाने आखलेली रेषा

'खंड' या शब्दाचा अर्थच मुळी 'तुकडा' असा आहे. पण एकसंध जमिनीचे तुकडे कोणी पाडले? प्राचीन ग्रीक लोकांनी आपल्याला माहीत असलेल्या जगाचे युरोप, आशिया व लिबिया (म्हणजे आफ्रिका) असे तीन भाग मानले होते. आशिया व आफ्रिका यांची सीमा कोणी नाईल नदीवर धरीत असत. युरोप व आशिया यांची सीमा कोणी फासिस नदीवर, तर कोणी डॉन नदीवर मानीत. इ.स. पूर्व पाचव्या शतकातील हिरोडोटस या इतिहासकाराने तेव्हाच शंका काढली होती की, पृथ्वी जर एकच आहे तर तिला तीन नावे कशासाठी?

आज आपण युरोप व आशिया यांची सीमा उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र व बॉस्फोरसची सामुद्रधुनी अशी दाखवितो. यातील उरल पर्वताची रेषा अठराव्या शतकात पुढे आली. स्ट्राहलेनबर्ग नावाचा एक स्वीडिश अधिकारी रशियाच्या कैदेत सापडून सैबेरियात राहिला होता. त्याने 1730 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही सीमा मांडली, आणि रशियातील तातिश्चेव यानेही तिचा पुरस्कार केला. म्हणजे ही रेषा जमिनीवर आधीपासून लिहिलेली नव्हती. अभ्यासकांनी ती सुचविली आणि इतरांनी ती मान्य केली.

आशिया व आफ्रिका यांच्यामधील सुएझ कालवा तर माणसानेच खणला. 1869 साली तो वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी तेथे सलग जमीन होती व माणसे, उंट, तांडे तिच्यावरून ये-जा करीत होते. खंडांच्या संख्येवरही जगात एकमत नाही. आपण सात खंड शिकतो. काही देशांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवितात. काही अभ्यासक युरोप व आशिया मिळून 'युरेशिया' असे एकच खंड धरतात.

जमिनीने घातलेली सीमा

मग खरी सीमा अशी नाहीच काय? आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले असून त्यांना भूपट्ट म्हणतात. हे भूपट्ट अतिशय संथपणे सरकत असतात. खंड सरकतात हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 साली मांडला, तेव्हा बहुतेक विद्वानांनी तो नाकारला. 1930 साली ग्रीनलँडच्या बर्फात वेगेनरचा मृत्यू झाला. पुढे 1960 च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून भरपूर पुरावा मिळाला आणि त्याचा मूळ विचार खरा ठरला.

आता भूपट्टांचा नियम लावून नकाशा पाहा. उरल पर्वतापाशी आज दोन भूपट्टांची सीमाच नाही! तेथील दोन भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वीच एकमेकांना भिडून एक झाले. उलट आपला भारत हा वेगळ्या भूपट्टावर आहे. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो उत्तरेकडील भूभागावर आदळला व त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. आजही आपली भूमी वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. म्हणजे रूढीने पाहिले तर आपण आशियाचे, आणि खडकाने पाहिले तर उत्तरेहून वेगळे!

मग त्याआधी आपण कोणाला जोडलेले होतो? दक्षिणेकडील एका विशाल भूमीला. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका व भारत तिच्यात एकत्र होते. तिचे 'गोंडवन' हे नाव आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले आहे. विदर्भातील कोळशाच्या पट्ट्यातील खडकांत ज्या प्राचीन वनस्पतीचे ठसे सापडतात, त्याच जातीचे ठसे आफ्रिका व अंटार्क्टिकातही सापडले आहेत. वनस्पती काही महासागर पोहून गेली नाही; जमीनच फुटून दूर गेली.

आपल्या जिल्ह्यातील पुरावा

आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. हा काळा कातळ म्हणजे लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट खडक होय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर बाहेर आला. आपला जवळजवळ संपूर्ण जिल्हा या थरांवर वसलेला आहे. अकोले तालुक्यातील डोंगर दुरून पाहिले की पायऱ्या रचल्यासारखे दिसतात, ते या थरांमुळे. भूशास्त्रात या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1646 मीटर) याच थरांचे बनलेले आहे.

याच सुमारास भारताच्या पश्चिमेकडील भूमी फाटत होती. तिचा एक तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटे. ती आता आपल्यापासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर हिंदी महासागरात आहेत. पश्चिमेची बाजू अशी तुटल्यानंतर तिची कड पावसापाण्याने झिजत झिजत मागे आली आणि सह्याद्रीचे उभे कडे तयार झाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा घाटघरला उभे राहिल्यावर आपण जे पाहतो, ते एका फुटलेल्या भूमीच्या जखमेचे व्रण होत. तेथे कड्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस कोकणातून अरबी समुद्रास मिळतो, तर पूर्वेचे पाणी प्रवरेतून गोदावरीला व पुढे बंगालच्या उपसागरास जाते.

अशा प्रकारे तुटलेली भूमी किनाऱ्यावरही संपत नाही. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर समुद्रात मुंबई हायचे तेलक्षेत्र 1974 साली सापडले. तेथेही पाण्याखाली आपल्याच खंडाची उथळ जमीन आहे. ती त्याच्याही पुढे जाऊन मग खोल समुद्रात उतरते. खंड खऱ्या अर्थाने संपतो तो तेथे.

या अभ्यासाचा उपयोग

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे येतात. त्यांतील अंतियोक आशियात, तुरमाय व मग आफ्रिकेत, तर अंतिकिनी युरोपात राज्य करीत होता. त्यांच्या राज्यांतही धम्मविजय झाल्याचे तो लेख सांगतो. हे अंतर त्याने योजनांत सांगितले आहे. आपण हा संदेश तीन खंडांत नेला, असे त्याला म्हणावे लागले नाही. माणसे तेथे होती, एवढे त्याला पुरेसे होते.

माणसाने आखलेल्या रेषा निरुपयोगी असतात असे नाही. नकाशा, टपाल, शाळा यांना त्यांची गरज असते. दोष तेव्हा घडतो, जेव्हा माणसाने आखलेली रेषा ही निसर्गाने घातलेली आहे असे सांगितले जाते. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले. ती वेस मुळातच अशी आहे, असे त्यांना पिढ्यान् पिढ्या सांगण्यात आले. खडक तपासला असता तर वेशीच्या आतही तोच काळा कातळ आणि बाहेरही तोच काळा कातळ निघाला असता.

म्हणून विद्यार्थ्यांनी कोणतीही सीमा दिसली की तीन प्रश्न विचारावेत. ही कोणी आखली? केव्हा आखली? आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खरोखर वेगळी आहे काय? परीक्षेत 'सात खंड' असेच लिहावे, गुण अवश्य मिळवावेत. पण घरी नकाशा उघडून त्या मुलीसारखे बोट ठेवून पाहावे. आणि सहल भंडारदऱ्याला गेलीच, तर घाटघरच्या कड्यापर्यंत जाऊन यावे.