कांदाचाळीचा कॅमेरा व पोर्ट फॉरवर्डिंग

चाकण भागांतील कित्येक शेतकरी बंधू दिवसां भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत असतात; कांदा मात्र घरच्या चाळींत. चाळींतील कॅमेरा बाहेरून पाहावयाचा तर राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करणें हा एक मार्ग होय. राउटर हा देवडीवरील पहारेकरी होय. न बोलावितां आलेल्यास तो आंत सोडीत नाहीं. अमुक दारीं आलेल्यास अमुक खोलींत न्यावें, असा हुकूम त्यास द्यावयाचा.

प्रथम कॅमेऱ्यास कायमचा अंतर्गत पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, नेमून द्यावा. मग राउटरच्या नियमांत बाहेरचा पोर्ट, हा पत्ता व कॅमेऱ्याचा पोर्ट (चित्रासाठीं बहुधा ५५४) भरावा. पडताळा मोबाइलच्या इंटरनेटवरून घ्यावा. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांनीं आरंभ होत असल्यास तो अनेक ग्राहकांत सामाईक असतो. तेथें हा श्रम व्यर्थ होय. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा.

परंतु उघडें दार चोरासही उघडेंच. २०१६ सालीं ‘मिराई’ नामक घातक प्रोग्रामनें मूळचे पासवर्ड न बदललेले लक्षावधि कॅमेरे व राउटर काबीज केले. म्हणून आधीं पासवर्ड बदलावा, मगच दार उघडावें. राउटरमध्यें व्हीपीएनची सोय असल्यास तीच पत्करणें अधिक श्रेयस्कर.