"भाव फोनवर सांगू": प्लॉट-शेतीच्या जाहिरातीतली रिकामी जागा

प्लॉट-शेतीची दलाली करणाऱ्यांसाठीचा हा धडा. व्हिडिओत जेवढं बसलं तेवढं बोललो, उरलेलं इथं सविस्तर लिहितोय. स्वतःचीच जमीन विकायची असेल तरी वाचा, कारण यात खरा पैसा तुमचा जातो.

कारंजा (घाडगे) मधून नागपूर-अमरावती हायवेने कोणत्याही बाजूला निघा आणि कडेचे फ्लेक्स वाचा. किंवा तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर सरका. "हायवे टच प्लॉट विकणे आहे." "3 एकर ओलिताची शेती, विहीर, संत्र्याची झाडं." फोटो आहे, मोबाईल नंबर आहे, "खात्रीशीर व्यवहार" हेही आहे. भाव मात्र नाही. "फोनवर बोलू."

कायद्याने हे चालतं का? चालतं. एमआरपी छापायचा नियम पाकिटातल्या मालाला आहे, जमिनीला नाही. महारेराची नोंदणी लागणारा ले-आऊट असेल तर जाहिरातीत नोंदणी नंबर आणि क्यूआर कोड टाकावा लागतो. एका शेतकऱ्याचा जुना प्लॉट विकताना तसलं काही नसतं. म्हणजे भाव लिहायचा की नाही, हे तुम्हीच ठरवता.

मग का लिहीत नाही? विचारलं की उत्तर येतं, "सर, भाव लिहिला की कोणी फोनच करत नाही." बरोबर आहे. ज्याला परवडत नाही तो फोन करत नाही. पण ते चांगलंच झालं ना! चाळीस फोन येतात, पस्तीस जण आकडा ऐकून "बरं, सांगतो" म्हणतात, आणि त्यांच्यातल्या चौघांना तुम्ही पेट्रोल जाळून जागाही दाखवून आलेले असता. फोन म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

आता खरं कारण. मालक दलालाला सांगतो, "मला हातात चौदा लाख पाहिजेत, वरचे तुमचे." हे वाक्य आपल्याकडे इतकं रोजचं आहे की त्यात काही वावगं वाटत नाही. पण हाच सौदा असेल तर भाव छापणार कसा? छापला की मालकही वाचणार. म्हणून भाव माणूस बघून ठरतो. पहिला प्रश्न येतो, "तुमचं बजेट किती?" नागपूरहून गाडीने आलेल्याला सतरा, गावातल्या मास्तरांना साडेपंधरा.

तुम्ही म्हणाल, यात दोन-तीन लाख सुटतात, आणि पंधरा लाखांवर दोन टक्के घेतले तर तीसच हजार. हिशोब खरा आहे, लपवत नाही. पण दुसरी बाजूही मांडा. जमीन हौस म्हणून फार कमी लोक विकतात. मुलीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचं कर्ज, भावांची वाटणी, असंच काहीतरी मागे असतं. वरचे दोन लाख त्या घरातून येतात. आणि हे झाकून राहत नाही. खरेदीखतात रक्कम लिहावी लागते. रजिस्ट्रीच्या टेबलावर मालकाने सतरा लाख वाचले की सही करणारा हात थांबतो. सौदा मोडला नाही, तरी तो माणूस पुन्हा तुमच्याकडे येत नाही, त्याचा साळाही येत नाही. कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावात नवे मालक आणणार कुठून?

खतात कमी लिहून बाकी रोख, म्हणजे एक नंबर-दोन नंबर, हेही भाव न छापण्याचं एक कारण आहे. त्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. व्यवहारात इसार म्हणून 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. दुसरी आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव ठरवताना आसपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखतं बघतात. वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यामुळे संपादन काय असतं हे आपल्याला नवीन नाही. उद्या रस्ता रुंद झाला तर गावाने खतात कमी लिहिलेला भावच गावासमोर ठेवला जाऊ शकतो. ज्याने कधी दोन नंबर केला नाही, त्याचंही नुकसान होतं.

भाव तसा कुणापासून लपतो? मुद्रांक शुल्कासाठीचे रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर फुकट दिसतात. नोंदलेल्या व्यवहाराची इंडेक्स टू शोधता येते, त्यात मोबदल्याची रक्कम असते. गिऱ्हाईक आज हे मोबाईलवर बघून येतं. न बघणारा मात्र चुलत्याने चार वर्षांपूर्वी विकलेल्या भावापासून बोलणी सुरू करतो. तुम्ही आकडा दिला असता तर तो तुमच्या आकड्यापासून खाली आला असता!

ही गोष्ट अर्थशास्त्रातही मांडलेली आहे. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रोम यांनी 1981 मध्ये वेगवेगळ्या लेखांत दाखवलं की विकणारा जे सांगत नाही, ते वाईटच असणार असं घेणारा धरून चालतो. मिलग्रोमना पुढे 2020 चं नोबेल मिळालं. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तेव्हा बाजूला उभ्या शेतकऱ्यालाही हेच वाटत असणार.

आणि पेपरातली बँकेच्या लिलावाची नोटीस वाचा. कर्ज बुडालेलं, मालमत्ता जप्त, म्हणजे घाईतला विकणारा. तरी तिथं राखीव किंमत आकड्यात छापलेली असते.

अडचण येते ती संत्र्याच्या बगीच्यात. आंबिया बहार झाडावर असताना आणि तोडणीनंतर एकाच वावराचा भाव सारखा कसा राहील? अशा वेळी दोन आकडे द्या, फळासह आणि फळाशिवाय. आणि भावाभावांचंच ठरलं नसेल, तर जाहिरातच टाकू नका. भाव ठरला नाही म्हणजे जमीन अजून विकायला निघालेलीच नाही.

तर कामाची पद्धत अशी ठेवा. मालकाकडून आधी साध्या कागदावर सहीनिशी घ्या: मागणीचा भाव, कमीत कमी किती, तुमचं कमिशन किती टक्के आणि मुदत किती महिन्यांची. "वरचे तुमचे" म्हणाला तर तुम्हीच म्हणा, "नको काका, टक्क्यात ठरवू." कमीत कमीचा आकडा तुमच्या डायरीत राहील, मागणीचा आकडा जाहिरातीत जाईल. एकूण रक्कम आणि चौरस फुटाचा दर दोन्ही लिहा, शेती असेल तर एकराचा. नुसता फुटाचा दर लिहून मोठी रक्कम लपवणं हाही तोच खेळ झाला.

नमुना देतो, आकडे फक्त समजण्यापुरते:

"विकणे आहे. ता. कारंजा (घाडगे). एन.ए. प्लॉट, 1,500 चौ. फूट, समोर 9 मीटर रस्ता. भाव 15,00,000 रु., म्हणजे चौ. फुटाला 1,000 रु. थोडी बोलणी होईल. सातबारा मालकाच्या एकट्याच्या नावावर, बोजा नाही. कमिशन 2 टक्के वेगळं. मुद्रांक आणि नोंदणी खर्च घेणाऱ्याकडे."

बोजा नाही असं लिहिण्याआधी ताज्या सातबाऱ्यातला इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचा, मालकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. इसार पावती कशी लिहायची ते पुढच्या व्हिडिओत.